मोठी चाकं

सूनबाई तिच्या वडिलांची जुनी मोटार दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणते आहे. गॅरेजात तिनं मोठी, रुंद चाकं लावून बघितली. ती मडगार्डाबाहेर येत होती, म्हणून वरून पत्र्याच्या रुंद कडाही चिकटपट्टीनं लावल्या. गाडी छाती काढून उभी राहिल्यासारखी दिसली. सून खुशीत म्हणाली, "आई, बसून बघा."

चाकांनी गाडी उंच झाली होती. माझा पाय वर जाईना. मिस्त्रीनं नजर वळवली.

"जुन्या मापाचीच बसवा," सून त्याला म्हणाली.

"मी रिक्षानं जाईन. तू लाव मोठी."

"रिक्षावाल्यांशी भांडता तुम्ही."

माझ्या गुडघ्यापायी घराचा उंबरठा काढला, संडासात खुर्ची आली. आता तिच्या बापाच्या गाडीचं मापही माझ्या गुडघ्यानंच ठरवलं. म्हातारं माणूस घरात असलं की बाकीच्यांची हौस त्याच्या गुडघ्याच्या वर जात नाही.

सुनेनं त्या कडा काढून माझ्या पाठीमागे भिंतीला टेकवल्या, मला दिसू नयेत म्हणून. मी मान खाली घातली. जुनी चाकं चढली तेव्हा माझा पाय सहज आत गेला, आणि मला बरं वाटलं. त्याचीच जास्त लाज वाटली.