एक दगड, दोन दगड
हिंगण्याच्या बसमध्ये शेजारी एक बाई मांडीवर मेथी निवडत बसली होती. मी चाळिशीत पहिल्यांदाच नोकरीच्या मुलाखतीला निघाले होते, तीही इंग्रजी शाळेत. "फूटचं फीट, पण शीपचं शीपच," मी पुटपुटत होते.

"काहून घाबरून राहिली वं?"

"इंग्रजीत अनेकवचनाला धड नियमच नाही हो. पाठ केलं की विसरते."

ती काडी मोडत हसली. "आपल्यात तरी कुठं आहे? घराचे घरं होतात, अन् दगड कितीबी असले तरी दगडच. तुले ते कोणी पाठ करवलं होतं?"

पदर झटकून ती उतरून गेली. नाव विचारायचं राहिलंच.

मुलाखतीत एक शब्द चुकला, तो मी हसून सुधारला. सोमवारपासून या, म्हणाले. परतीच्या बसमध्ये मी माझा नंदनवनचा थांबा येईपर्यंत गाढ झोपले.