आईबरोबर धारूरच्या किल्ल्यावर

काल बाजारात पिकल्या सीताफळांचा वास आला आणि मला धारूरचा किल्ला आठवला.

दुष्काळाचं वर्ष होतं, मी बारावीला होते. चारा संपला म्हणून दोन्ही म्हशी मामाकडे पाठवल्या होत्या. त्यामुळं रोज पहाटे गावच्या दूध सोसायटीत दूध घालायला जाण्याचं आईचं कामही थांबलं होतं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "रिकामं बसवंना गं. चल, किल्ला बघून येऊ."

तोवर तिनं तो एसटीच्या खिडकीतूनच पाहिला होता. स्टँडवर उतरून आम्ही चालत निघालो. वाटेत टोपली घेऊन बसलेल्या एका मुसलमान खालाकडून दोन सीताफळं घेतली आणि तटावर बसून खाल्ली. वाऱ्यानं आईचा पदर डोक्यावर टिकेना, शेवटी तिनं तो सोडूनच दिला. खालच्या करपलेल्या डोंगरांकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"लई लांबवर दिसतंय की इथून!" ती म्हणाली.

मला तेव्हा ती नुसती सहल वाटली. आज तिच्या त्या वयाला पोचल्यावर कळतं, रिकामा गोठा तिला बघवत नव्हता. पण तटावरचा तिचा आनंदही खोटा नव्हता.

परतताना एसटीत ओळखीच्या कंडक्टरनं विचारलं, "मावशी, आज धारूरला काय काम काढलंत?"

"काम काय न्हाई," आई म्हणाली, "फिराया गेलतो."

हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. तोही तिनं पुढच्या बाकावरच्या बायांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटला.