डाइंग मास्तरांची चूक नव्हती

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, कापड गिरण्यांच्या एका गुजराती शहरात, पर्वत पाटियाजवळ आमचं पाच जणांचं ऑफिस होतं. कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमधल्या मशीनने कुठला रंग किती सोडायचा, हे ठरवणारा प्रोग्रॅम आम्ही लिहायचो. सगळ्यांचा कोड एका सामायिक कॉम्प्युटरवर जमा व्हायचा, जुन्या प्रत्येक आवृत्तीसकट. तो सांभाळणं माझ्याकडे होतं. कोडापासून तयार झालेल्या, मशीनवर चालणाऱ्या फाइलीही तिथेच ठेवायच्या, ही कल्पना माझी. सगळ्यांनी एकच फाइल उचलावी, मिलमध्येही तीच जावी, एवढाच हेतू.

कामरेजच्या एका मिलमध्ये मोरपंखी रंगाचा अख्खा लॉट काळपट निघाला. मिलच्या शेठनी रंगाचं काम पाहणाऱ्या डाइंग मास्तरांना धरलं. अमळनेरकडचे, पन्नाशीचे गृहस्थ. आकडे चुकीचे भरले, असा ठपका. मी तिथे गेले तेव्हा ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, मन्हा हात चुकना नही. तुम्हना मशीनमाच काही शे."

त्यांच्या वहीतले आकडे मी ताडून पाहिले. बरोबर होते.

ऑफिसात येऊन सामायिक कॉम्प्युटरवरचा साठा उघडला. कोडातली कुठली ओळ कधी बदलली, ते दिसायचं. तयार फाइलीबद्दल मात्र कॉम्प्युटर एवढंच सांगायचा की ही आधीपेक्षा वेगळी आहे; आत काय बदललं, ते नाही. मिलमध्ये गेलेली फाइल माझ्याच नावावर जमा होती. शेरा होता, "दुरुस्ती केली." कसली, ते मला आठवेना. ऑफिसात चालवली की ती आकडे बरोबर द्यायची. तीन दिवस मी कोडाची एकेक जुनी आवृत्ती घेऊन तिच्यापासून पुन्हा फाइल तयार करून पाहिली. एकातूनही तीच फाइल निघाली नाही. कुणीतरी जमा न केलेला बदल तिच्यात शिरला होता. बहुधा माझाच.

तोवर आमच्या साहेबांनी मिलमध्ये गुपचूप नवी फाइल बसवून टाकली. रंग नीट यायला लागला. मी त्यांना सगळं सांगितलं.

"साबित करी शकशो, बेन?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग शेठपुढे बोलू नका."

तरी मी गेले. चूक आमची असू शकते, म्हणाले. शेठनी मान वर केली. "हो सकती है, या है?"

"असू शकते," मी पुन्हा तेच म्हणाले. ते पुन्हा फोनकडे वळले.

बाहेर मास्तर उभे होते. त्यांच्या नखांत निळा रंग होता. "सापडनं का, ताई?"

"नाही सापडलं."

"बरं," ते म्हणाले. मला धीर दिल्यासारखं.

त्यानंतर कुठल्या कोडातून बनली याची नोंद असल्याशिवाय एकही तयार फाइल मी साठ्यात घेतली नाही. सगळे वैतागायचे. काही महिन्यांनी मी मिलमध्ये मास्तरांचा पत्ता विचारला. गावी गेले, एवढंच कळलं. पत्ता कुणाकडेच नव्हता.