तुरुंगवाल्यांची भाषा

फेलिसिदाद समाजशास्त्र शिकायला मुंबईच्या कॉलेजात गेली, तेव्हा आमच्या वाडीतल्या निम्म्या लोकांना वाटलं ती नन होणार, आणि उरलेल्यांना वाटलं ती बिघडणार. याच्या मधलं काही आमच्या लोकांना सुचतच नाही. मी सुगंधा, तिची शेजारीण. मालवणच्या शाळेत आम्ही दोघी बरोबर चालत जायचो. ती मॅट्रिक पास झाली, मी गणितात आपटले आणि घरी बसले. ती का शिकते हे तिच्या आईखालोखाल मलाच ठाऊक होतं. तिला भावाला तुरुंगातून बाहेर काढायचं होतं. शिक्षणाची आवड वगैरे लोक मागाहून बोलले, ते सगळं झूट.

भाऊ म्हणजे सांतान. त्याचा मावसभाऊ ह्युबर्ट जहाजावर खलाशी होता. खलाशाकडे सरकारी पुस्तक असतं, त्यात त्याचं नाव, फोटो आणि आजवरच्या सफरींची नोंद. ते पुस्तक असेल तरच जहाजावर घेतात, आणि तेही पाळी आल्यावर. पंचावन्न साली ह्युबर्टची पाळी आली आणि तो नेमका विषमज्वरानं अंथरुणाला खिळला. पाळी चुकली की पुढची कधी येईल कोण सांगणार? म्हणून त्याच्या पुस्तकावर सांतान गेला. आमच्या किनाऱ्यावर तेव्हा हे सर्रास चालायचं. भावाचं पुस्तक भावानं वापरायचं, मिळकत दोन्ही घरांत वाटायची. दोघांची नाकं सारखी होती, फोटो काळपट होता. एवढं पुरलं.

निघण्याआधी वाडीतल्या खुरसाकडे, म्हणजे दगडी क्रुसाकडे, लदीन झाली, आमची सामुदायिक प्रार्थना. मेणबत्त्या, गाणी, शेवटी उकडलेले चणे. सगळे पांगल्यावर सांतानची आई रोझालिना त्याला परत खुरसापुढे घेऊन गेली. मी तिथेच चण्यांची टोपली आवरत होते.

"हात लाव," ती म्हणाली. "कायव जांवदे, कोणीव विचारूंदे, तू ह्युबर्ट. तुजा नाव तोंडातसून भायर काढू नको. नायतर तो जेलात जातलो, त्येची पोरां उपाशी मरतली."

सांताननं खुरसाला हात लावला आणि शब्द दिला. आईचं काही चुकलं असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही.

वर्षभरानं दक्षिण अमेरिकेतल्या एका बंदरात धक्क्यावर भांडण झालं. एक पहारेकरी सांतानशी झोंबला, सांताननं त्याला ढकललं, तो धक्क्यावरून खाली पडला आणि मेला. खरं तर दोन-चार वर्षांच्या शिक्षेवर निभावलं असतं. पण ह्युबर्टच्या पुस्तकात एक जुना शेरा होता: पूर्वी कुठल्याशा बंदरात त्यानं सुरा काढला होता. कोर्टानं पुस्तक पाहिलं आणि हा सराईत मारेकरी आहे असं ठरवून वीस वर्षं ठोकली. जहाजावरचा देवबागचा एक माणूस परत आला, त्यानं हे सगळं सांगितलं. मग कंपनीचं पत्रही आलं, ह्युबर्टच्या बायकोच्या नावानं: आपल्या पतीस शिक्षा झाली आहे, कळवण्यास दुःख होते. ते वाचलं गेलं तेव्हा पती समोर बसून पेज जेवत होता.

आम्ही हसलो की रडलो ते आठवत नाही. कागदावर ह्युबर्ट समुद्रापार खडी फोडत होता आणि इथे माडाखाली बसून जाळं विणत होता. खाकी कपडा दिसला की मागच्या दारानं पळायचा. रोझालिनानं मराठीत पत्रं लिहवून घेतली, ह्युबर्टच्या नावानं पाठवली. सगळी परत आली. त्या तुरुंगात त्या देशाच्या भाषेखेरीज, म्हणजे स्पॅनिशखेरीज, कुठलंही पत्र आत जात नसे की बाहेर येत नसे.

म्हणून फेलिसिदाद कॉलेजात गेली. समाजशास्त्र घेतलं, कारण त्यातच गुन्हा आणि शिक्षा यांचा एक विषय होता. मुंबईत नन्सनी ठेवून घेतलं, बदल्यात ती तिथल्या लहान मुलांना सांभाळायची. दुसऱ्या वर्षी स्पॅनिशचा वर्ग मिळाला. एक म्हातारे स्पॅनिश पाद्री नवशिक्यांना शिकवत. त्यांच्याकडून सरळ पत्र लिहून का नाही घेतलं, असं मी तिला एकदा विचारलं. ती माझ्या अंगावरच आली.

"आनी ह्युबर्टाचा काय सांगू त्यांका? ही गजाल भायर फुटली तर?"

मे महिन्यात ती बोटीनं मालवणला उतरायची ती निम्मी होऊन. डोळे खोल गेलेले, नखं कुरतडलेली. आमच्या पडवीत बसून मला पुस्तकांतलं सांगायची. एकदा म्हणाली, सगळेच जे करतात त्याला समाज गुन्हा म्हणत नाही. मी म्हटलं, "ह्या कळाक कॉलेज कित्याक व्हया? आमच्या वाडीत उबा रवला तरी कळता." ती हसली नाही. तिला हसवणं मी त्यानंतर सोडूनच दिलं.

स्पॅनिशनं तर तिला रडकुंडीला आणलं होतं. तिला हवे होते कैदी, शिक्षा, फेरचौकशी असे शब्द, आणि पाद्री शिकवत होते ही माझी टोपी, ती तुमची छत्री. एका संध्याकाळी तिनं वही भिरकावली. "खिडकी उघडी आसा, इतक्या येता माका. ह्या सांगान भाऊस सुटतलो, सुगंधा?" मग स्वतःच उठून वही उचलली, वाळू झटकली आणि पुन्हा पुटपुटायला लागली. मला तिची भीती वाटायची. माणूस इतकं एकाच गोष्टीला चिकटलं की त्याचं काही बरं होत नाही असं मनात यायचं, आणि असं मनात आल्याचा रागही यायचा.

साठ सालच्या सुट्टीत ती आली ती अर्ज घेऊनच. मुद्दा साधा होता, मलाही कळला. पहिल्यांदा चुकलेल्याला आणि सराईताला सारखी शिक्षा नसते. तुरुंगात आहे तो ह्युबर्ट नव्हे, सांतान आहे. तो त्याआधी कधी जहाजावर चढलाच नव्हता. एवढं मान्य झालं तर त्याची शिक्षा एव्हाना भोगून संपली होती. सोबत सांतानच्या बाप्तिस्म्याचा दाखला जोडला होता. अडचण एकच: हे लिहायचं म्हणजे ह्युबर्टला पुढे करायचं.

ती ह्युबर्टकडे गेली, मला बरोबर नेलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, जाळ्यातली सुई काढून बाजूला ठेवली.

"माका धरतीत?"

"धरतीत कदाचित," ती म्हणाली. खोटं बोलायला ती कधी शिकलीच नाही.

त्यानं अर्ज पुढे ओढला. "लिव," म्हणाला. "त्येच्या जिवार जेवतंय मी. घास गिळवना नाय माका." आणि त्यानं सही केली. या माणसाला मी तोवर भित्रा म्हणत होते.

अर्ज गेला. पावसाळा गेला, नाताळ गेला. फेलिसिदाद शेवटच्या परीक्षेचा अभ्यास टाकून गावी येऊन बसली. टपालवाल्याची वाट बघत ती रस्त्यावर उभी राहायची, आणि मी तिला ओढून घरात आणायचे. रोझालिनानं तर सांतानसाठी नवा सदरा शिवून ठेवला होता.

पत्र दुपारी आलं. अंगणातच तिनं फोडलं. आई, मी आणि ह्युबर्ट तिच्याभोवती उभे. ती ओठ हलवत वाचत गेली आणि मध्येच थांबली.

"काय म्हणतत?" रोझालिनानं विचारलं.

फेलिसिदादनं सावकाश सांगितलं. तुमचा अर्ज कैद्याला वाचून दाखवला. कैदी म्हणतो, माझं नाव ह्युबर्ट. सांतान माझा मावसभाऊ, तो गावी असतो. त्याची बहीण आहे खरी, पण तिला तुमची भाषा येत नाही. हे तिनं लिहिलेलं नाही, मला अडकवायला तुम्ही तुरुंगवाल्यांनीच लिहिलंत. सबब अर्ज निकाली काढला आहे. याबाबत पुन्हा अर्ज घेतला जाणार नाही.

ह्युबर्ट मटकन खाली बसला. रोझालिना मात्र ताठ झाली. तिचा चेहरा उजळला, खरंच उजळला.

"पाळल्यान गो! माज्या झिलान शब्द पाळल्यान!"

"आई!" फेलिसिदाद किंचाळली. "तुज्या शब्दान तो थंय मरतलो! तूच बांदलंस, तूच सोडव त्येका!"

रोझालिनाला मग कळलं. सगळं एकदम कळलं. ती तशीच अनवाणी, तापलेल्या वाळूतून खुरसाकडे धावली. आम्ही मागोमाग. तिनं दोन्ही हात खुरसावर ठेवले आणि समुद्राकडे तोंड करून ओरडली, "सांताना! सोडलंय रे तुका! तुजा नाव सांग! माज्या राजा, सांग तुजा नाव!" माडांवरचे लोक काम थांबवून बघत राहिले. ती ओरडत राहिली, घसा बसेपर्यंत.

शब्द जिथे दिला तिथेच मोकळा झाला होता, रीतीप्रमाणे. फेलिसिदाद पायरीवर बसली होती. तिनं माझा हात धरला.

"आईन सोडल्यान त्येका," ती म्हणाली. "आता ह्या मी त्येका खंयच्या भाशेत सांगू गो?"