नऊ चौकटींचं पान

हे मी अजून कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, भावापाशी नाही, आणि ज्यांच्यापाशी सगळ्यात आधी बोलायला हवं होतं त्यांच्यापाशी तर नाहीच. चार वर्षं झाली. एकदा पत्र लिहायला बसलो, 'आदरणीय' एवढा एकच शब्द लिहिला, आणि तो मलाच इतका खोटा वाटला की कागद चुरगाळून टाकला. एकदा थेट त्यांच्या गावापर्यंत, कल्याणपलीकडच्या मोहन्यापर्यंत जाऊन आलो. पण ते पुढे.

आधी त्यातल्या त्यात सोपी गोष्ट सांगतो, म्हणजे जीभ जरा सैल होईल. मला कॉमिक्स आवडतात. हसलात तरी चालेल. मी डोंबिवलीतल्या एका शाळेत सव्वीस वर्षं मराठी शिकवतोय, एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे, मुलांनी काय वाचावं यावर भाषणं देतो. अशा माणसाने पन्नाशीत चित्रांची पुस्तकं वाचावीत? तीही लपवून?

उडणाऱ्या, इमारती उचलणाऱ्या वीरांची पुस्तकं नव्हेत ही. आमच्या भागातल्या एका बाईंची मुलगी कायमची परदेशी गेली. तिची पुस्तकं दोन खोक्यांत भरून बाईंनी वाचनालयाला दिली. साठेक असतील. इंग्रजी, बहुतेक काळी-पांढरी. एकात घटस्फोट झालेला न्हावी होता, एकात खाण बंद पडलेल्या गावातलं शेवटचं लग्न. कोणी कोणाला वाचवत नाही, शेवटी कोणी जिंकत नाही. आमच्या ग्रंथपाल मेधाताईंनी वरची चित्रं बघून सगळी बालविभागात लावून टाकली.

ती तिथून हलवली दिनकर साळव्यांनी.

साळवे मोहन्याला राहतात. वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते. हे स्वतः पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचे, मग फ्लेक्स आले, तेव्हापासून गाड्यांच्या नंबरप्लेटा आणि सोसायट्यांच्या गेटवर 'गाडी लावू नये'. वयाने माझ्याएवढेच. इतक्या लांबून आमच्या वाचनालयात यायचे, कारण डोंबिवलीत त्यांची कामं असायची. बालविभागात उकिडवे बसून त्यांनी त्यातलं एक पुस्तक पुरं वाचलं आणि मेधाताईंना म्हणाले, "ताई, ही पोरांच्यात कशाला ठेवलीत? पोरं रडतील ना."

मग वेगळं शेल्फ झालं. इंग्रजी त्यांना अडायचं. अडलं की ते चित्राकडे बघत बसायचे, आणि मग बहुधा अडायचं नाही. हळूहळू त्यांच्याभोवती माणसं जमली. कळव्याच्या हॉस्पिटलातली एक सिस्टर, कॉलेजातली तीन-चार मुलं, बँकेतून निवृत्त झालेले एक काका. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी हे सगळे एक पुस्तक टेबलावर मधोमध उघडून बसायचे. पान उलटायचं ते सगळ्यांनी मान डोलावली की मगच.

मी? मी पलीकडे वर्तमानपत्राच्या स्टँडशी उभा असायचो. कान मात्र टेबलाकडे. एकदा साळव्यांनी मला हाक मारली — "सर, या ना, हे बघा. या बाईला बोलायचा फुगाच नाय दिलेला. गप्प आहे. पण ऐकू येतंय का नाय?"

ऐकू येत होतं. मी म्हणालो, "बघतो हं नंतर," आणि पेपरात तोंड घातलं. कार्यकारिणीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले होते की आता वाचनालयात खाऊचा डबा आणि घसरगुंडीही ठेवू या. सगळे हसले होते. मी सर्वांत मोठ्याने हसलो होतो.

— आणि दर गुरुवारी मी तीच पुस्तकं घरी नेत होतो. गुरुवारी वाचनालय बंद असतं. जुन्या अंकांची यादी करायची म्हणून किल्ली माझ्याकडे असायची. कापडी पिशवीत एक पुस्तक टाकायचो, पुढच्या गुरुवारी परत ठेवायचो. नोंदवहीत नोंद नाही. चोरी करायची नव्हती हो मला, शपथ. माझ्या खात्यावर, माझ्या नावापुढे, कॉमिक्सची नावं दिसायला नको होती, एवढंच. बघा, किती क्षुल्लक गोष्ट.

आता एक रीत सांगायला हवी. आमच्या वाचनालयात जुने वाचक पुस्तकात खूण करतात. नियमात बसत नाही, पण सगळे करतात. वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी जाऊ नये म्हणून. कोणी शेवटच्या पानावर फुली मारतं, कोणी कोपऱ्यात आद्याक्षर. माझी खूण म्हणजे बेचाळिसाव्या पानाच्या आकड्याखाली पेन्सिलीचा एक ठिपका. साळव्यांची शेवटच्या पानावर, तळाशी, नखाएवढं धुरांडं. त्यातून निघालेली धुराची एक रेघ. मेधाताई रागवायच्या, पण कोणाची खूण कोणती हे त्यांना पाठ होतं.

त्या लपवालपवीतही माझा हात ठिपका देत राहिला. सवयीने.

आणि मग ते पुस्तक आलं. एक बाई आपल्या विसरभोळ्या होत चाललेल्या आईला सांभाळते, एवढीच गोष्ट. मध्ये एक पान होतं, नऊ चौकटींचं. एकही शब्द नाही. बाई आईला खोलीत बसवते, बाहेर येते, दाराला बाहेरून कडी लावते. पुढच्या सगळ्या चौकटींत ती नुसती दाराशी उभी आहे. दार आतून वाजतंय. ते चित्रकाराने कसं दाखवलं होतं मला सांगता येणार नाही — दार सगळीकडे अगदी तसंच आहे, फक्त बाईचे खांदे प्रत्येक चौकटीत थोडे थोडे वर जातात.

माझी आई शेवटची दोन वर्षं आमच्याकडे होती. भान राहत नसे, जिना उतरून रस्त्यावर जायची. बायको नोकरीला, मी दुपारी शाळेतून घरी. मला पेपर तपासायचे असायचे. मी कडी लावायचो. रोज. आणि दाराशी उभा राहायचो. बायकोला वाटायचं, आई दुपारची झोपते.

हे घरातलं कोणालाही ठाऊक नव्हतं, आणि ते कुठल्या तरी थंड देशातल्या बाईने काढून, छापून ठेवलं होतं. ते पान मला कोणी बघायला नको होतं, असं का वाटलं? कोणाला कळणार होतं? कोणालाच नाही. मी ब्लेडने ते पान शिवणीजवळून कापलं. इतकं नीट की पुस्तक मिटलं तर कळू नये. पुस्तक शेल्फवर ठेवलं. पान माझ्याकडे राहिलं.

पुढच्या महिन्यात कॉलेजातल्या एका मुलीने ते पुस्तक नेलं आणि दुसऱ्याच दिवशी परत आणलं. मधलं पान नाहीये, म्हणाली. नोंदवहीत तिच्या आधीचं नाव साळव्यांचं होतं.

ते म्हणाले, मी पुस्तक दिलं तेव्हा पान होतं. मेधाताई म्हणाल्या, कधी कधी लोक इथे बसूनही वाचतात, मी खुणा बघते, आणखी कोणी वाचलंय का ते कळेल. रविवारी बैठकीत बघू या, असं ठरलं. हे माझ्यासमोर ठरलं. तोपर्यंत वेळ होता ना? खरं सांगायला तीन दिवस होते. त्यातल्या गुरुवारी मी कुलूप उघडून आत गेलो, शाळेतलं खोडरबर खिशातून काढलं आणि बेचाळिसाव्या पानाचा ठिपका पुसला. कागदावरचा रबराचा चुरा फुंकून टाकला. ती फुंकर मला अजून आठवते.

रविवारी साळवे आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मेधाताईंनी सगळ्यांदेखत पुस्तक चाळलं. एकच खूण सापडली. धुरांडं.

"आहेच ना माझं धुरांडं," साळवे म्हणाले. "मी कापलं असतं तर वर सही ठेवली असती काय?"

बोलणं चोख होतं. पण ते कोणी ऐकून घेतलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "अहो साळवे, तुम्ही पडलात पेंटर. आवडलं असेल चित्र, लावलं असेल भिंतीला. हो म्हणा, विषय संपवू." टेबलाभोवती आम्ही सात जण होतो. साळव्यांच्या जागी आमच्यापैकी कोणाच्या शेजारचे गोखले-कुलकर्णी असते तर त्यांना असं बोलावून घेतलं असतं का? आडनावाबद्दल, मोहन्याच्या पत्त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. काढायची गरज पडली नाही. माझ्या ते लक्षात येत होतं, आणि — हे सांगायला जड जातंय — मला त्यामुळे सुटल्यासारखं वाटत होतं.

साळवे बावरले होते. पानात काय होतं ते सांगायला लागले, जणू ते सांगितलं की पान परत येईल. "तसं काय भिंतीला लावायचं चित्र नव्हतंच हो ते. बाई आईला कोंडून बाहेर उभी राहते. वाईट वाटतं बघून. मग शेवटच्या चौकटीत ती कडी काढते आणि—"

"नाही काढत," मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. बाकीच्यांना त्यात काही वाटलं नाही. त्यांना त्या पुस्तकात काय आहे याच्याशी कर्तव्यच नव्हतं. साळवे मात्र थांबले. माझ्याकडे वळले. रागावलेले अजिबात दिसले नाहीत — आपल्याला आवडलेलं पुस्तक दुसऱ्यानेही वाचलंय हे कळलं की माणसाचा चेहरा जसा होतो ना, तसा झाला होता. क्षणभरच.

"सर," ते म्हणाले, "तुम्ही वाचलंय हे?"

मी म्हणालो, "छे. मी कॉमिक्स वाचत नाही."

एवढ्यावर थांबलो असतो तरी त्याला भ्याडपणाच म्हणता आलं असतं. पण अध्यक्ष म्हणाले, सर, तुमचं मत सांगा, तुम्ही सगळ्यांत समंजस. आणि मी, शिकवताना वापरतो त्या आवाजात म्हणालो, "ज्याला एखाद्या गोष्टीचं इतकं वेड असतं, त्याच्या हातून असं घडू शकतं. मुद्दाम नसेल केलं त्यांनी."

वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त माणूस वेगळा होता.

साळव्यांनी माझं नाव घेतलं नाही. का? मला त्यांनी ओळखलं होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. ते ओरडले असते तर मी बहुतेक खाली मान घातली असती. पण त्यांनी सभासदकार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि मेधाताईंना म्हणाले, "ताई, ते खाणीवालं पुस्तक सिस्टरने मागून ठेवलंय. आली की द्या तिला." आणि गेले. सभासदत्व रद्द केल्याची सूचना फळ्यावर लावायची ठरली. अक्षर चांगलं म्हणून ती मी लिहिली. 'पुस्तकाची हानी केल्याबद्दल श्री. दिनकर साळवे यांचे...' महिनाभर लटकत होती ती. रविवारचं टेबल बंद झालं. पुस्तकं कपाटात गेली.

मोहन्याला गेलो ते त्यानंतर वर्षाने. विचारत विचारत गल्लीपर्यंत पोचलो. एका इमारतीच्या भिंतीवर ते विंगचं अक्षर रंगवत होते, पाठमोरे. मनगटाखाली काठी टेकवून. मी कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतला, तो पिऊन झाला, आणि मी रिक्षा करून कल्याण स्टेशनला आलो. चहा पिताना काय बोलायचं ते सगळं ठरलं होतं.

आता दिवस बदललेत. अशी चित्रकथांची पुस्तकं मोठी माणसं वाचतात, त्यावर चर्चा होतात. मागच्या महिन्यात ठाण्यात माजिवड्याच्या एका वाचकगटाने मला बोलावलं होतं. विषय — मोठ्यांसाठीच्या चित्रकथा. मी तासभर बोललो. ओघात म्हणालो, "बघा, या बाईला फुगाच दिलेला नाही, पण ती ऐकू येते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलाने ते वाक्य मोबाइलवर टिपून घेतलं. खाली माझं नाव घातलं असणार.

मेधाताई आल्या होत्या. कार्यक्रमानंतर भेटल्या. म्हणाल्या, "सर, साळवे इथे हवे होते हो. त्यांनी तेवढं एक केलं नसतं तर..." मी मान हलवली. होकाराची.

त्या बैठकीच्या दिवसापासून आई आठवली की मला दाराचा आवाज ऐकू येत नाही. "तुम्ही वाचलंय हे?" हे ऐकू येतं. त्या आवाजात आरोप नाही, हेच सहन होत नाही.

मी पान कापलं. ठिपका पुसला. दुसऱ्याचं नाव माझ्या अक्षरात फळ्यावर लावलं. घाबरलो होतो, हे खरं आहे, पण त्याने काही कमी होत नाही.

साळव्यांनी मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं खरं उत्तर मी त्यांना अजून दिलेलं नाही. ते त्यांच्यासमोर, आणि त्या दिवशी टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांसमोर, मला द्यायचं आहे.