लिंबाखालची विहीर

पोलिसातल्या नोकरीतले पुष्कळ गुन्हे विसरलो. बहादरपूरकडची मंगळवारची ती दुपार मात्र काही केल्या मनातून जात नाही.

एका केळी बागायतदाराची बायको महिनाभर बेपत्ता होती. गुमशुदगी, म्हणजे ती हरवल्याची तक्रार, त्यानेच नोंदवली होती. अशात आमच्या हवालदाराने खबर आणली, की बागायतदाराच्या धाकट्या भावाच्या बायकोच्या अंगात दर मंगळवारी येतं आणि ती बेपत्ता जावेच्या आवाजात म्हणते, "मले इहिरीतून काढा." ठाण्याच्या रोजनामच्यात भुताचं नाव कसं लिहिणार? मी लिहिलं, "मुखबिराकडून सूचना," म्हणजे खबऱ्याकडून माहिती. बाई नाटकी असणार, असं माझं मत झालं होतं.

तिला सासूसह ठाण्यात बोलावलं आणि तीन तास बाकावर बसवलं. चोविशीची, अंगाने काडी. शेजारी सासू. सून जमिनीकडे बघत एकच बोलत राहिली, "साहेब, मले काहीच मालूम नाही." मी आवाज चढवला, तशी ती आणखी मिटली. सासू बाजूला असताना ही तोंड उघडणार नाही, हे नव्या शिपायालाही कळलं असतं. मला कळलं नाही.

हवालदार त्याच भागातला. तो म्हणाला, "साहेब, सुनेले नका विचारू. तिच्या अंगात जी येते, तिले विचारा. तिच्यापुढे तर सासूबी हात जोडते."

पुढच्या मंगळवारी साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. धूप जळत होता, ती केस मोकळे सोडून घुमत होती. मी खाली बसून हात जोडले. "ताई, कोणती विहीर?"

"लिंबाखालची. वरून केळीचे खांब टाकेल आहेत. माह्या एका पायात चप्पल नाही."

सासूने थोरल्या मुलाकडे, त्या बागायतदाराकडे, पाहिलं. तो मागच्या मागे सटकत होता. हवालदाराने त्याला अंगणातच धरलं. पंचांसमक्ष विहिरीतले खांब उपसले. खाली प्रेत होतं. एका पायात चप्पल नव्हती.

थोरल्याने खुनाची कबुली दिली, पण पोलिसासमोरची कबुली कोर्टात टिकत नाही. धाकटीला माहेरी पोचवलं. तिथे एका महिला हवालदाराजवळ ती बोलली. थोरल्याला बायकोचं प्रेत विहिरीत टाकताना तिने कापसाच्या शेतातून पाहिलं होतं. नवऱ्याला सांगितलं, तर त्याने धमकावून गप्प बसवलं. मी चपलेचं विचारलं. ती गोंधळली. "इतक्या दुरून चप्पल कुठं दिसते, साहेब?" याचा उलगडा मला आजही झालेला नाही.

कोर्टाचं काम हिंदीत चाले. बचावाच्या वकिलाने तिला अंगात येण्यावरून डिवचलं, "तुम पर तो सवारी आती है ना? फिर अभी कौन बोल रहा है?"

ती मान खाली घालेल आणि सगळं बुडेल, अशी मला भीती वाटली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "मीच बोलून राहिली," ती म्हणाली. "लिहून घ्या. मी माह्या डोळ्यांनी पाह्यलं."

मेलेल्या बाईपुढे मी हात जोडून बसलो होतो आणि जिवंत बाईला दरडावलं होतं, याची मला लाज वाटते. त्यानंतर ठाण्यात कुणाचीही सून आली, की आधी तिच्यासोबतच्यांना बाहेर चहाला पाठवायचो. मग तिला खुर्ची द्यायचो आणि ती बोलेपर्यंत गप्प बसायचो.