बैठकीतला खांब आणि माझा सत्याग्रह

आमच्या बैठकीच्या मधोमध एक सागवानी खांब आहे आणि गेल्या हिवाळ्यात त्याच्या बाजूने बोलणारा घरात मी एकटाच होतो.

देवळाली कॅम्पातलं आमचं जुनं बंगलेवजा घर लाकडी सांगाड्यावर उभं आहे. खांबांवर तुळया, तुळयांवर कौलारू छप्पर. भिंती नुसत्या मधे भरलेल्या. आणि ताईच्या साखरपुड्यासाठी बाबांनी फर्मान काढलं, "हा खांब काढा. फोटोत मधे येतो!"

फोटोसाठी खांब? माझं रक्त उसळलं! मी पत्रक छापलं, 'आज खांब, उद्या छप्पर!' आणि गल्लीभर वाटलं. (भेळवाल्याने तर गठ्ठाच मागून घेतला. केवढी ही जागृती!)

साखरपुड्याच्या सकाळी मामा त्यांच्या गॅरेजमधून ट्रकचा जॅक घेऊन आले. मी सायकलच्या साखळीने स्वतःला खांबाशी बांधलं, कुलूप लावलं आणि तडजोडीचा मोहच नको म्हणून किल्ली खिडकीतून थेट विहिरीत फेकली.

"अरे, पाहुणे नाशिकरोडला पोचले!" आई ओरडली.

"पोचू दे! वारशाचा प्रश्न आहे!"

"चहा घेणारेस का?"

"...दे."

मामांनी साखळीवर करवत चालवून पाहिली. "दाजी, ही काय तुटत नाही. जॅकने तुळई उचलू, खांब सुटला की साखळी खालून काढू."

"म्हणजे खांबही निघेल?" बाबांचा चेहरा उजळला.

"हा विश्वासघात आहे!" मी किंचाळलो. तुळई वर गेली, खांब निसटला, मी सुटलो. आंदोलकाला सोडवण्यासाठी त्याची मागणीच मोडली हो!

"निघालाच आहे तर राहू दे बाहेर," बाबा म्हणाले. मामांनी जॅक उतरवला. कर्रर्र! तुळई खाली बसली, दाराची चौकट दबली, दार गच्च! पाहुणे बाहेर, आम्ही आत.

"मी पत्रकात लिहिलं होतं!"

"गप बस!"

होणारे व्याही फेटा सावरत खिडकीतून आत उतरले. समोर मी, कमरेला साखळी लोंबतेय.

"हे कोण?"

"मुलीचा भाऊ," बाबा पुटपुटले.

"काय करतात?"

आईने घाईघाईने चहा पुढे केला.

शेवटी मामांनी पुन्हा जॅक लावला, व्याह्यांनी कोट काढून रेटा दिला. खांब जागेवर बसला, दार उघडलं, साखरपुडा झाला. प्रत्येक फोटोत तो मधोमध उभा आहे. मी त्याच्यामागे झाकलेला.

त्या खांबाशिवाय हे घर उभं राहत नाही, हे आता सगळ्यांना पटलंय. माझ्याशिवाय राहतं का, ते मात्र बाबांना एकदा करून बघायचंय!